फाइलचं साल, टीव्हीचं साल



हा या आठवड्याच्या एपिसोडचा वाचायचा भाग. पारसिकच्या बोगद्यात रेंज गेली आणि मधलंच काहीतरी निसटलं, अशांसाठी खास. ऐकताना आकडे आणि नावं लक्षात राहत नाहीत, ती इथे सावकाश बघता येतील.

आजचा विषय अगदी घरातला आहे. फोनवर व्हिडिओ मस्त चालतो. तोच टीव्हीवर टाकला की तीनपैकी एक गोष्ट होते. एक, स्क्रीनवर येतं ‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’. दोन, चित्र दिसतं पण आवाज नाही. तीन, चित्र आणि आवाज दोन्ही आहे, पण दर दहा सेकंदांनी ते गोल चक्र फिरत बसतं.

मी डोंबिवलीचा, नोकरी ठाण्यात, काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणाचाही टीव्ही अडला की बेल आमच्याकडे वाजते. बी.टेक. झालेल्या माणसाला रिमोटपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं येतं, असा एक समज आहे ना! पण या हाकांना ओ देता देता एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली. प्रत्येक फाइलला एक साल असतं. ती ज्या वर्षी, ज्या पद्धतीने बनली ते साल. आणि प्रत्येक टीव्हीलाही एक साल असतं. त्याच्या आतली चिप ज्या वर्षापर्यंतच्या पद्धती शिकून आली ते साल. टीव्ही ‘चालत नाही’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा या दोन सालांचं जमत नसतं. म्हणून आज आपण सेटिंग्जमध्ये शिरण्याआधी थोडं मागे जाऊ. चांगली पन्नास वर्षं मागे.

वरळीकडे तोंड करून

मुंबईत टीव्ही केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. दिल्लीत १९५९ मध्येच झालं होतं, आपला नंबर त्यानंतर लागला. मनोरा वरळीला. डोंबिवली तिथून सरळ रेषेत ३५-४० किलोमीटर, आणि मध्ये पारसिकचा डोंगर. तेव्हा फाइल नव्हती, पण ‘दिसत नाही’ ही तक्रार होतीच. स्क्रीनवर मुंग्या यायच्या. मग एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, एक जण खिडकीत उभा, एक जण टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘नाही, थोडं डावीकडे!’ ‘आता?’ ‘आलं आलं, हात लावू नको!’ आमच्या आधीच्या पिढीतल्या प्रत्येकाकडे ही गोष्ट आहे. बघायला गेलं तर ट्रबलशूटिंगची पद्धत तीच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर काय झालं ते विचारायचं.

त्या काळातले दोन निर्णय आजही आपल्या टीव्हीवर दिसतात. पहिला निर्णय सेकंदाला २५ चित्रांचा. आपल्याकडे विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणून आपण ६२५ रेषांची, सेकंदाला २५ चित्रांची पद्धत घेतली. १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण आलं तेही याच बैठकीवर, पाल पद्धतीने. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे ३० च्या आसपास.

पण २५ पूर्ण चित्रं पाठवली असती तर पडदा लुकलुकला असता. म्हणून एक युक्ती केली. आधी १, ३, ५, ७ अशा विषम रेषा पाठवायच्या, मग २, ४, ६, ८ अशा सम. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. जुन्या डब्यासारख्या टीव्हीची काच त्या रेषा त्याच क्रमाने काढायची, त्यामुळे डोळ्यांना कळायचं नाही. आजचा सपाट टीव्ही मात्र सगळं चित्र एकदम दाखवतो. म्हणून लग्नाची जुनी कॅसेट डिजिटल करून लावली, की माणूस चालायला लागल्यावर त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. फाइल खराब नसते, फक्त दोन अर्धी चित्रं नीट शिवलेली नसतात. कन्व्हर्ट करताना ‘डीइंटरलेस’ हा पर्याय चालू केला की रेषा जातात.

दुसरा निर्णय आकाराचा. तेव्हाचा पडदा ४:३, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजचा १६:९. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गच्चीवरची डिश आणि पॅरिसची मुलं

ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला. मशीन भाड्याने आणायचं, तीन कॅसेट आणायच्या, आणि भाडं वसूल होईपर्यंत रात्रभर सगळ्या मजल्याने बघायचं. मग कुणीतरी डोकं लावलं की मशीन एकच आणि वायर सगळ्या घरांत. तिथून केबलवाला जन्माला आला. १९९१ नंतर गच्चीवर डिश आली, उपग्रहावरचे चॅनेल आले, आणि गच्चीवरून गच्चीवर वायरी लोंबायला लागल्या. सरकारचा केबल कायदा आला १९९५ मध्ये, तोवर वायरी पोचून गेल्या होत्या.

आता हे बघा. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना हॉस्टेलचं नेटवर्क फास्ट हवं होतं. पैसे मिळायला कारण हवं, म्हणून त्यांनी प्रोजेक्ट काढला. प्रत्येक खोलीला वेगळी डिश नको, एकच डिश लावू आणि तिचा व्हिडिओ नेटवर्कवरून सगळ्या खोल्यांत पाठवू. आपल्या केबलवाल्याचीच आयडिया, फक्त वायरीत सिग्नलच्या जागी डेटा. त्या प्रोजेक्टचं नाव व्हिडिओलॅन. त्यातून निघालेला प्लेअर म्हणजे तुमच्या फोनमधला तो नारिंगी कोनवाला व्हीएलसी. २००१ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

मुंजीची व्हीसीडी

आता मधली एक कडी. चित्र डिजिटल करायचं तर ते लहान करावं लागतं, नाहीतर डिस्कवर मावणारच नाही. हे लहान करण्याचं गणित ज्याच्यावर उभं आहे, ते बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांनी सुचवलं. ते अमेरिकेत प्राध्यापक होते. १९७२ मध्ये, म्हणजे मुंबईत टीव्ही आला त्याच वर्षी, त्यांनी या कल्पनेसाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान निधीकडे पैसे मागितले. मिळाले नाहीत. तरी ते थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी काम पुरं केलं आणि जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध छापून आला. त्या गणिताचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म.

सोप्या भाषेत, चित्राचे छोटे छोटे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनात डोळ्याला सहज जाणवणारे ठळक बदल ठेवायचे आणि न जाणवणारे बारकावे गाळायचे. व्हीसीडी, डीव्हीडी, जेपेग फोटो, यूट्यूब, सगळीकडे हीच कल्पना किंवा तिची पुढची भावंडं आहेत. नेट स्लो झाल्यावर चेहऱ्यावर जे चौकोन दिसतात ना, ते याच चौकोनांचे.

१९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, जेव्हीसी आणि मात्सुशिता या कंपन्यांनी व्हीसीडीचे नियम ठरवले. साध्या सीडीवर ७४ मिनिटं, चित्र ३५२ बाय २८८ ठिपके, पद्धत एमपेग-१. अमेरिकेत ती फारशी चालली नाही. आशियात मात्र धो धो चालली. आपल्याकडे सिनेमा दोन-तीन डिस्कमध्ये, नाटक दोन-तीन डिस्कमध्ये, आणि २००० नंतर लग्न-मुंजसुद्धा. शूटिंगवाला, त्याच्यामागे हॅलोजन धरणारा पोरगा, आणि महिन्याभराने हातात येणाऱ्या दोन चकत्या. वर गणपतीचा फोटो आणि मुंजमुलाचं नाव.

आमच्या शेजारच्या काकूंकडे २००४ सालच्या मुंजीच्या अशा दोन चकत्या होत्या. काका २००९ मध्ये गेले. तेव्हा त्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. फोटो आहेत, पण काकांचा आवाज असलेली वस्तू घरात ही एकच. डीव्हीडी प्लेअर कधीचा भंगारात गेलेला. मुलगा पुण्याला. त्याने सुट्टीत येऊन डिस्क लॅपटॉपवर कॉपी करायला घेतली, तर अर्ध्यावर एरर येऊन थांबली. थोडं जे कॉपी झालं ते पेन ड्राइव्हवर टाकलं, तर टीव्हीला फाइलच दिसेना. मग बेल आमच्याकडे.

इथे दोन वेगळे प्रॉब्लेम होते, आणि दोन्ही १९९३ मधले.

पहिला, कॉपी का थांबते? डेटा सीडीच्या प्रत्येक तुकड्यात २०४८ बाइट माल असतो आणि बाकीच्या जागेत चुका दुरुस्त करायची जास्तीची माहिती. व्हीसीडी बनवणाऱ्यांनी ती दुरुस्तीची जागाही व्हिडिओला दिली, म्हणजे प्रत्येक तुकड्यात २३२४ बाइट. ७४ मिनिटं बसवायची होती ना! त्यांचा हिशेब असा, की व्हिडिओत एखादा ठिपका चुकला तर बिघडतं काय. प्लेअर अडखळतो आणि पुढे जातो. पण कॉम्प्युटरची कॉपी तशी नाही. तिला एक बाइट वाचता आला नाही तरी ती ‘नाही’ म्हणून थांबते. उपाय काय, तर कॉपी करायचीच नाही. डिस्क सरळ व्हीएलसीमध्ये लावायची आणि ‘कन्व्हर्ट-सेव्ह’ करायचं. किंवा चुका ओलांडून पुढे जाणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरायचं. आणि त्याआधी डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही.

दुसरा, टीव्हीला फाइल का दिसत नाही? व्हीसीडीतल्या फाइलच्या नावाला शेवटी डॅट असतं. बरेच टीव्ही नावाचं शेपूट बघूनच ठरवतात की हा व्हिडिओ आहे की नाही. आत एमपेग-१ च आहे. बऱ्याचदा नाव बदलून शेवटी एमपीजी केलं की टीव्ही गुपचूप चालवतो.

दुसऱ्या चकतीवरची चारेक मिनिटं गेली, ती नाहीच आली. पहिली पूर्ण आली. टीव्हीवर काका दिसले, भटजींशी काहीतरी दक्षिणेवरून बोलत होते. काकू बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘अरे, पण हे एवढे जाड नव्हते!’ आता आठवा, ४:३ चा पडदा. टीव्ही चौकोनी चित्र ताणून रुंद करत होता. रिमोटवर पिक्चर साइझ ४:३ केलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, आणि काका परत सडपातळ झाले.

डबा वेगळा, भाजी वेगळी

पुढचा टप्पा. लोक म्हणतात ‘माझी फाइल एमपीफोर आहे, तरी चालत नाही’. मंडळी, एमपीफोर हा डबा आहे. डब्यात भाजी कोणती ते झाकणावरून कळत नाही.

डबा म्हणजे कंटेनर. भाजी म्हणजे कोडेक, चित्र लहान करायची पद्धत. एव्हीआय हा डबा मायक्रोसॉफ्टचा, १९९२ चा. एमकेव्ही हा २००२ चा. त्याचं पूर्ण नाव मात्रोश्का, म्हणजे बाहुलीच्या आत बाहुली असते त्या रशियन खेळण्यावरून. एमपीफोर डब्याची मुळं ॲपलच्या क्विकटाइममध्ये, १९९१ मध्ये. आणि आतल्या भाज्या अशा: १९९९ च्या सुमारास डिव्हएक्स, जी सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचा कोडेक फोडून बनवली होती. २००१ मध्ये तिची खुली बहीण एक्सव्हिड. २००३ मध्ये एच.२६४. २०१३ मध्ये एचईव्हीसी, जिलाच एच.२६५ म्हणतात. २०१८ मध्ये एव्हीवन.

आता सालांचा खेळ बघा. तुमच्या घरातला टीव्ही २०११ चा असेल तर त्याला एचईव्हीसी माहीत असणं शक्यच नाही, कारण ती तेव्हा जन्मालाच आली नव्हती. टीव्हीतली चिप ही भाज्या ओळखायचं काम हार्डवेअरमध्ये करते. ते शिक्षण फॅक्टरीत पूर्ण होतं. ॲप अपडेट होतं, चिप नाही. फोनमध्ये मात्र प्रोसेसर इतका दणकट असतो की चिपला येत नसेल तर सॉफ्टवेअर ते काम करतं. म्हणून फोनवर चालतं आणि टीव्हीवर नाही.

आणि उलटंही होतं. आपला नवा फोन जागा वाचवायला एचईव्हीसीमध्ये शूट करतो. आयफोनने हे २०१७ मध्ये सुरू केलं, अँड्रॉइडच्या कॅमेरा सेटिंगमध्येही ‘हाय एफिशियन्सी’ असं काहीतरी असतं. कालच्या बारशाचा व्हिडिओ आजोबांच्या टीव्हीवर चालत नाही, त्याचं कारण बहुतेक हेच. शूट करण्याआधी ते बंद केलं की फाइल मोठी होते, पण सगळीकडे चालते.

एक छोटी गोष्ट अजून. एमपीफोरच्या आत एक अनुक्रमणिका असते, कोणतं चित्र कुठे आहे त्याची. फोन ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहितो. मध्येच बॅटरी संपली तर अनुक्रमणिकाच नाही. फाइल दोन जीबीची, पण एकही चित्र लागत नाही. अशी फाइल डिलीट करू नका. त्याच फोनने केलेलं दुसरं चांगलं रेकॉर्डिंग नमुना म्हणून देऊन ती दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर आहेत.

चित्र आहे, आवाज नाही

हा प्रकार तर मला सगळ्यात आवडतो, कारण इथे तंत्रापेक्षा हिशेबवही आडवी येते.

थिएटरमध्ये डॉल्बी डिजिटल आलं १९९२ मध्ये, डीटीएस १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’बरोबर. पुढे हे आवाज डिस्कवर आणि फाइलमध्ये आले. पण त्यावर पेटंट होती. टीव्ही बनवणाऱ्याने प्रत्येक सेटमागे फी भरायची. टीव्ही स्वस्त करायचा असेल तर काय कापणार? सॅमसंगने २०१८ पासून आणि एलजीने २०२० मध्ये आपल्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकलं. म्हणजे जुना टीव्ही आवाज द्यायचा, नवा देत नाही! दुकानात ही गोष्ट कुणी सांगत नाही.

हा हिशेब सगळ्यात स्वच्छ दिसला तो रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर. २०१२ मध्ये त्याच्या चिपला एमपेग-२ येत होतं, पण ते कुलूपबंद होतं. ज्याला हवं त्याने २ पौंड ४० पेन्स भरून किल्ली घ्यायची. क्षमता आतच आहे, परवानगी विकत आहे. अमेरिकेतली एमपेग-२ ची शेवटची पेटंट २०१८ मध्ये संपली.

उपाय सोपा आहे. चित्राला हात न लावता फक्त आवाज एएसीमध्ये बदलायचा. काही मिनिटांचं काम.

गोल फिरतंय

३१ मार्च २०१३. ही तारीख आपल्या भागासाठी महत्त्वाची. सरकारने केबल डिजिटल करायचं ठरवलं. पहिल्या टप्प्यात मुंबई, मुदत ३१ ऑक्टोबर २०१२. दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं, त्यात ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवली. म्हणजे पाच महिने, कागदावर तरी, चेकनाक्याच्या पलीकडचं मुलुंड डिजिटल आणि अलीकडचं ठाणे जुन्या सिग्नलवर. मग घराघरात सेट-टॉप बॉक्स आले. मुंग्या संपल्या आणि चौकोन सुरू झाले. जुना सिग्नल हळूहळू खराब व्हायचा. डिजिटल एकतर दिसतं, नाहीतर अडकतं.

वाय-फायचं तेच. घरातल्या घरात फोनवरून किंवा लॅपटॉपवरून टीव्हीला व्हिडिओ पाठवायचा तीन पद्धतींनी. डीएलएनएची सुरुवात २००३ मध्ये. त्यात टीव्ही फाइल मागतो आणि स्वतः उलगडतो. मिराकास्ट २०१२ मधलं. त्यात फोन स्वतः उलगडून आपल्या स्क्रीनचं चित्र पाठवतो. क्रोमकास्ट २०१३ चं. त्यात फोन फक्त पत्ता देतो, टीव्हीला लावलेली काडी व्हिडिओ स्वतः ओढते. हा फरक कळला की निदान सोपं होतं. स्क्रीन मिररिंगने चालतं पण कास्टने नाही? मग टीव्हीला ती भाजी माहीत नाही. पेन ड्राइव्हने सुरळीत चालतं पण वाय-फायने अडतं? मग फाइल ठीक आहे, रस्ता अरुंद आहे.

रस्ता अरुंद का? वाय-फायची यादी उघडा. वीस नावं दिसतील, त्यातली निम्मी शेजाऱ्यांची आडनावं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना खुला झाला. त्यात चॅनेल १३, पण एकमेकांत न घुसणारे तीनच, १, ६ आणि ११. एका मजल्यावरची चार घरं तीन रस्त्यांवर. वर भिंती आरसीसीच्या. त्यात फोनवर शूट केलेला ४-के व्हिडिओ सेकंदाला साधारण ४०-५० मेगाबिट मागतो. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये मोकळा झाला. राउटर आणि टीव्ही दोघांनाही तो येत असेल तर त्यावर जा. त्याहून बरं म्हणजे सरळ लॅनची वायर ओढा. केबलवाला चुकीचा नव्हता हो!

मराठी सबटायटलचे चौकोन

सबटायटल फाइल साधी मजकुराची असते. ती युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली नसेल तर प्रश्नचिन्हं दिसतात. सेव्ह करूनही रिकामे चौकोन दिसले तर टीव्हीत देवनागरी फॉन्टच नाही. आणि फॉन्ट असूनही ‘कि’ची वेलांटी क च्या मागे पडली, तर टीव्हीला जोडाजोड येत नाही. युनिकोडमध्ये आपण आधी क आणि मग वेलांटी साठवतो, ती पुढे दाखवणं हे सॉफ्टवेअरचं काम. ही मांडणी १९८८ च्या भारतीय इस्की संकेतावरून आलेली आहे. टीव्ही शिकणार नसेल तर उपाय एकच, अक्षरं चित्रातच छापून टाकायची. त्याला बर्न-इन म्हणतात.

जुनं कोण सांभाळतं?

आता मुद्द्यावर येतो. वरच्या सगळ्या गोष्टीत एक बाजू सतत विसरत गेली. टीव्ही कंपन्या जुने कोडेक काढतात, मशीन बनवणारे थांबतात. जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई कंपनी जुलै २०१६ मध्ये थांबली. डीएलएनए ही संघटनाच २०१७ मध्ये बरखास्त झाली. यात कुणाचा दुष्टावा नाही, जुन्यात धंदा नाही एवढंच.

लक्षात ठेवणारी बाजू वेगळी आहे. २००० मध्ये फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने एफएफएमपेग सुरू केलं. आज शेकडो जुने-नवे कोडेक त्याला वाचता येतात, आणि व्हीएलसीच्या आतही त्याचाच भाग आहे. यातलं बरंच काम लोकांनी हौसेने केलेलं आहे. १९९३ ची व्हीसीडी आज आपण बघू शकतो ती कुठल्या टीव्ही कंपनीमुळे नाही, या लोकांमुळे. आणि हे गृहीत धरायची गोष्ट नाही. २०२२ मध्ये व्हीएलसीची अधिकृत वेबसाइट भारतात कित्येक महिने बंद होती. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने कायदेशीर नोटीस गेली, आणि नोव्हेंबरमध्ये ती परत उघडली.

मग करायचं काय

आधी रोजच्या अडचणीसाठी, क्रमाने विचारा. पेन ड्राइव्हने चालतं का? चाललं तर नेटवर्क बघा. नाही चाललं तर फाइल व्हीएलसीमध्ये उघडून ‘कोडेक इन्फर्मेशन’ बघा. चित्राचा कोडेक टीव्हीच्या सालानंतरचा आहे का? आवाज डीटीएस आहे का? आणि फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर पेन ड्राइव्ह फॅट-३२ असता कामा नये, त्यात तेवढी फाइल मावतच नाही. काहीच कळलं नाही तर एमपीफोर डब्यात एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज अशी कॉपी बनवा. गेल्या दहा-बारा वर्षांतला जवळपास कुठलाही स्मार्ट टीव्ही ती चालवतो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं.

आणि आता घरातल्या जुन्या चकत्या-कॅसेटसाठी. यांना मात्र क्रम नाही, घाई आहे. टेपवरचा चुंबकी थर सुटतो, बुरशी धरते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती लवकर धरते. घरी लिहिलेल्या डिस्कचा रंगाचा थर उडतो. मशीन दरवर्षी कमी होतायत. म्हणून आधी मूळ वस्तूतून जेवढं निघेल तेवढं काढा. ते आहे तसं, मोठ्या फाइलमध्ये, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मग टीव्हीसाठी वेगळी छोटी कॉपी करा. मूळ फाइल पुसू नका. दहा वर्षांनी टीव्ही बदलेल, त्याचं साल बदलेल, तेव्हा मुळातून परत नवी कॉपी काढता येईल. फक्त व्हॉट्सॲपवर पाठवून ‘सेव्ह झालं’ म्हणू नका, तिथे चित्र परत दाबलं जातं.

फाइलच्या नावात साल आणि प्रसंग लिहा. ‘२००४ मुंज डिस्क १’ एवढं पुरे. वीस वर्षांनी कुणीतरी ती उघडेल तेव्हा पहिला प्रश्न तोच असणार आहे, ही कुठल्या सालची?

तुमच्या घरात काय सापडलं ते नक्की कळवा. पुढच्या भागात बघू गच्चीवरच्या केबलवाल्याचा इंटरनेटवाला कसा झाला. तोवर काळजी घ्या, आणि या शनिवारी कपाटाचा वरचा कप्पा एकदा उघडाच.